वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

मुकुटबनच्या परिसरातील भूमीत चुनखडीचा दगड विपुल आहे, हे येथील विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. परंतु दगड, चुना आणि पैसा ही तिन्ही हाताशी असली, म्हणजे इमारत उभी राहते असे नाही. ती प्रथम एखाद्याच्या मनात, नंतर कागदावर आणि अखेरीस अनेकांच्या श्रमाने जमिनीवर उभी राहते. हा क्रम ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो, अशा एका गृहस्थाचे हे चरित्र आहे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म इंग्लंडातील बाथ शहरी इ. स. १८४७ मध्ये झाला. १८६२ साली, कोवळ्या वयातच, ते चार्ल्स डेव्हिस या वास्तुविशारदांपाशी उमेदवारीस राहिले. पुढे १८६७ मध्ये हिंदुस्थानातील सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. पुण्यास काही काळ काम करून ते मुंबईस आले. तेथे किल्ल्याचा जुना तट पाडून झाला होता व नव्या इमारतींची कामे निघत होती. खलाशांसाठी बांधलेले, १८७६ मध्ये पूर्ण झालेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे त्यांचे पहिले नावाजलेले काम होय. आज तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे.

यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मुंबईतील मुख्य स्थानकाचे व कचेऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी लागलीच पाया खणावयास घेतला नाही. सुमारे दहा महिने युरोपात हिंडून तेथील मोठमोठी स्थानके पाहिली. उतारू कोठून येणार, कारकुनांना उजेड व वारा कसा मिळणार, या प्रश्नांची उत्तरे नकाशात आधी मिळावी लागतात. शोभेचा विचार त्यानंतरचा. मधल्या चौकाच्या तीन बाजूंस कचेऱ्या आणि मध्यभागी भव्य जिन्यावर घुमट, अशी त्यांनी योजना केली. १८७८ मध्ये आरंभिलेले काम पुरे होण्यास दहा वर्षे लागली. साहाय्यक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य यांनी त्यांस मोलाचे साह्य केले. दगडावरील पाने, पशुपक्षी व मुखवटे कोरण्याच्या कामी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. ज्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत, असे पाथरवट व गवंडी तर असंख्य होते. तेच व्हिक्टोरिया टर्मिनस आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखले जाते. २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला.

या स्थानकासमोरच मुंबई महानगरपालिकेची इमारत आहे. दोन रस्ते मिळतात तेथील निमुळती, अडचणीची जागा वाट्यास आली होती. स्टीव्हन्स यांनी त्या अडचणीचेच सोने केले. दोन्ही रस्त्यांच्या कडेने दोन बाजू नेऊन त्या जेथे मिळतात, तेथे २५५ फूट उंचीचा मनोरा उभारला. १८९३ मध्ये काम संपले, तेव्हा मंजूर झालेल्या ११,८८,०८२ रुपयांपैकी ११,१९,९६९ रुपयेच खर्च झाले होते. हा पैसा नगरवासीयांनी कररूपाने दिलेला होता. मनोऱ्याची उंची सर्वांस दिसते. हिशेबाची चोखता कोणी मान वर करून पाहत नाही. तरीही ती त्याच इमारतीचा भाग आहे.

१९०० च्या मार्च महिन्यात हिवतापाने मुंबईतच स्टीव्हन्स यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे नकाशे काढील, कोणी दगड घडवील, कोणी खर्चाची वही लिहील. मुंबईस गेलात तर त्या घुमटाखाली क्षणभर थांबा. ही तिन्ही कामे तेथे एकमेकांच्या आधाराने आजवर उभी आहेत.