महामोग्गल्लान : ऋद्धीचा धनी

सिद्धी म्हटले की वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेला चांगदेव आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. चौदाशे वर्षे काळाला चकवणाऱ्या या योग्याला अखेर लहानग्या मुक्ताबाईपुढे नमावे लागले, ही कथा मराठी घरातले मूल शाळेत जाण्याआधीच ऐकते. चांगदेवाच्याही सतरा-अठराशे वर्षे आधी मगध देशात असाच एक सिद्धीचा धनी होऊन गेला. बौद्ध वाङ्मय त्याला महामोग्गल्लान म्हणते. संस्कृतात तो मौद्गल्यायन. ऋद्धी प्राप्त झालेल्या भिक्षूंमध्ये याला पहिले स्थान खुद्द बुद्धांनी दिले होते. आणि या माणसाला भाडोत्री मारेकऱ्यांनी काठ्यांनी ठेचून मारले. त्याचे चरित्र वाचू लागले की हे कोडे मनातून जात नाही.

राजगृहाजवळच्या कोलित गावी एका संपन्न ब्राह्मण घरात त्याचा जन्म झाला. गावावरून त्याचे नाव कोलित, आणि आई मोग्गली म्हणून मोग्गल्लान. त्याच दिवशी जवळच्या उपतिस्स गावात दुसरा एक मुलगा जन्मला. त्याची आई सारी, म्हणून तो सारिपुत्त. दोन्ही घराण्यांचा सात पिढ्यांचा घरोबा. मुले बरोबर वाढली, बरोबर शिकली. राजगृहाच्या डोंगरमाथ्यावर दर वर्षी मोठी जत्रा भरे. नाच, गाणी, नाटके यांची रेलचेल असे आणि हे दोघे मित्र हसण्याच्या जागी हसत, खूश होऊन बक्षिसे देत. एका वर्षी मात्र दोघांनाही हसू येईना. हे नाचणारे आणि हे पाहणारे, शंभर वर्षांनी यांतला एकही उरणार नाही, हा विचार दोघांच्या मनात एकाच वेळी आला. दोघांनी घर सोडले, संजय नावाच्या परिव्राजकाचे शिष्यत्व पत्करले, आणि तिथेही समाधान होईना तेव्हा एकमेकांत करार केला की ज्याला आधी अमृतपद सापडेल त्याने दुसऱ्याला ते सांगायचे.

करार सारिपुत्ताने पाळला. राजगृहात भिक्षा मागत चाललेल्या अस्सजी भिक्षूकडून त्याने कार्यकारणाचा सिद्धान्त दोन वाक्यांत ऐकला आणि तो धावत मित्राकडे आला. मोग्गल्लानाने नुसता त्याचा चेहरा पाहूनच ओळखले म्हणतात. संजयाचे निम्मे शिष्य बरोबर घेऊन दोघे वेळुवनात बुद्धांकडे गेले.

आता ज्याच्या नावावर आकाशगमनापासून सर्व चमत्कार जमा आहेत, त्याची साधना सुरू झाली ती डुलक्यांनी! मगधातील एका खेड्यात तो ध्यानाला बसला आणि त्याला सारखी झोप येऊ लागली. बुद्धांनी तिथे येऊन त्याला झोपेवरचे उपाय सांगितले. डुलकी आणणारा विचार सोडून द्यावा, न जमल्यास ऐकलेला धर्म आठवावा, नाहीच तर तो मोठ्याने म्हणावा, मग कान ओढावेत, अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावून तारे पाहावेत, प्रकाशाची भावना करावी, येरझाऱ्या घालाव्यात, आणि यांतल्या कशानेही भागत नसेल तर उठण्याची वेळ मनात धरून उजव्या कुशीवर सरळ झोपावे. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात मी यांतले बरेचसे उपाय करून पाहिले आहेत. शेवटचाच लागू पडतो, फक्त उठण्याची वेळ मनात धरणे जमत नाही. मोग्गल्लानाला मात्र सारे जमले. प्रव्रज्येनंतर सातव्या दिवशी तो अर्हत झाला. बुद्धिमान सारिपुत्ताला पंधरा दिवस लागले.

ही ऋद्धी येते कशी, याबद्दल दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात एक क्रम दिला आहे. शीलपालन, इंद्रियनिग्रह, मग एकामागून एक चार ध्याने. चौथ्या ध्यानात सुखही नसते आणि दुःखही नसते. तिथे चित्त इतके मऊ आणि कमावलेले होते की कुंभाराने मळलेल्या मातीला किंवा सोनाराने शुद्ध केलेल्या सोन्याला हवा तो घाट द्यावा तसा त्याला देता येतो. मग एकाचे अनेक होणे, भिंतीतून आरपार जाणे, जमिनीत पाण्यासारखी बुडी मारणे, पाण्यावर जमिनीसारखे चालणे, मांडी घालून आकाशात उडणे, दिव्य श्रोत्र, परचित्ताचे ज्ञान, पूर्वजन्मांचे स्मरण, दिव्य चक्षू. या पाच अभिज्ञा बुद्धाच्या संघाबाहेरच्या योग्यालाही मिळू शकतात. सहावी मात्र आस्रवांचा, म्हणजे चित्तमळांचा, क्षय. आणि खरे मोल तिचेच मानले आहे. पतंजलीही योगसूत्रांच्या विभूतिपादात धारणा, ध्यान आणि समाधी एकत्र आणून येणाऱ्या सिद्धींची भली मोठी यादी देतो आणि त्याच पादात त्या समाधीच्या वाटेवरचे अडथळे असल्याचे बजावतो. दोन परंपरांचे भांडण पुष्कळ, पण या ठिकाणी दोघांचे सूर जुळतात.

भिंतीतून आरपार जाता येते यावर विश्वास ठेवणे मला जड जाते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण मोग्गल्लानाच्या कथा नीट वाचल्या तर त्यांत चमत्काराइतकीच त्याला घातलेल्या आवराची हकीकत आहे, आणि ती मला अधिक खरी वाटते.

वेरंजा येथील वर्षावासाची कथा पाहा. बुद्ध संघासह तिथे राहिले आणि नेमका दुष्काळ पडला. भिक्षा मिळेना. उत्तरेकडून आलेल्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी पावसाळ्यासाठी तिथेच तळ ठोकला होता. ते भिक्षूंना घोड्यांच्या खुराकातले धान्य मापाने देत. भिक्षू ते उखळात कांडून खात आणि बुद्धांसाठी आनंद ते दगडावर वाटून देई. मोग्गल्लानाला हे पाहवेना. पृथ्वीच्या खालच्या थरात मधासारखे रसाळ सत्त्व आहे, तेव्हा आपण पृथ्वीच उलथी करतो म्हणजे भिक्षूंना ते खाता येईल, असे त्याने बुद्धांना विनवले. पृथ्वीवर राहणाऱ्या प्राण्यांचे काय करणार, असे बुद्धांनी विचारले. एका हाताची पृथ्वी करून तिच्यावर सर्वांना ठेवतो आणि दुसऱ्या हाताने ही उलटतो, हे त्याचे उत्तर. बुद्धांनी नको म्हटले. प्राण्यांची मती गोंधळून जाईल. मग सगळ्या संघाला भिक्षेसाठी उत्तरकुरूला नेण्याची परवानगी त्याने मागितली. तीही मिळाली नाही. भिक्षू घोड्यांचेच धान्य खात राहिले. पृथ्वी उलथवण्याचे बळ असलेला माणूस उखळापाशी उभा राहून कांडण पाहतो आहे, हे चित्र ज्याने रंगवले त्याची समज मोठी होती.

दुसरी कथा राजगृहातली. तिथल्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र करवून ते एकावर एक बांधलेल्या वेळूंच्या टोकाला टांगले, आणि जो कोणी सिद्ध पुरुष असेल त्याने ते काढून न्यावे अशी दवंडी दिली. मोग्गल्लान आणि पिंडोल भारद्वाज त्या बाजूने चालले होते. तू जा, तू जा असे दोघांत झाले. मोग्गल्लान गेला नाही. पिंडोल उडाला, पात्र घेऊन त्याने नगराला तीन फेऱ्या घातल्या आणि लोक आरडाओरडा करीत त्याच्या मागे लागले. तो गोंगाट बुद्धांच्या कानी गेला. एका क्षुद्र लाकडी भांड्यासाठी ऋद्धी दाखवणे म्हणजे दमडीसाठी लाज सोडणे, असे खडसावून त्यांनी गृहस्थांपुढे चमत्कार करण्यास भिक्षूंना मनाई केली. पात्र फोडून त्याची पूड अंजनात घालायला दिली. हवेतून अंगारा काढणाऱ्यांच्या दारी आजही लागणाऱ्या रांगा पाहिल्या की या नियमाची आठवण येते. मोग्गल्लान का उठला नाही, हे ग्रंथ सांगत नाही.

गरज असे तिथे मात्र त्याचा हात आखडत नसे. सारिपुत्त तापाने आजारी पडला आणि त्याला पूर्वी कमळाच्या देठांनी उतार पडत असे, हे कळताच हिमालयातील मंदाकिनी सरोवरातून त्याने ते आणले. देवदत्ताने संघ फोडून ५०० नवे भिक्षू गयाशीर्षावर नेले तेव्हा त्यांना परत आणायला हेच दोघे मित्र गेले. देवदत्तही ऋद्धिमान होता हे ध्यानात ठेवले पाहिजे. अंगावर साप गुंडाळलेल्या बालकाच्या रूपाने प्रकट होऊन त्याने राजपुत्र अजातशत्रूला भुलवले होते. संघ आपल्या ताब्यात यावा ही इच्छा मनात आली आणि त्याच क्षणी त्याची शक्ती गेली.

मला सर्वांत आवडते ती चांदण्या रात्रीची गोष्ट. नुकतेच मुंडन केलेला सारिपुत्त उघड्यावर ध्यानस्थ बसला होता. वाटेने जाणाऱ्या एका यक्षाने त्याच्या टाळक्यात हत्ती लोळवील असा तडाखा दिला. मोग्गल्लानाने ते दिव्य दृष्टीने पाहिले आणि धावत येऊन विचारपूस केली. सारिपुत्ताने सांगितले की बरे आहे, जरासे डोके दुखते एवढेच. एवढ्या तडाख्याने नुसते डोके दुखावे याचे मोग्गल्लानाला आश्चर्य वाटले. आणि सारिपुत्ताला आश्चर्य याचे की मित्राला यक्षसुद्धा दिसतात, आपल्याला तर धुळीतले भूतही कधी दिसले नाही. हेवा कुठेच नाही.

शेवट काळशिलेवर झाला. मोग्गल्लान कोण स्वर्गात गेला, कोण नरकात, हे पाहून येऊन सांगतो आणि म्हणून लोक बुद्धाकडे वळतात, अशी काही तीर्थिकांची समजूत झाली. त्यांनी १००० कार्षापण देऊन मारेकरी घातले. धम्मपदाच्या अट्ठकथेप्रमाणे पहिल्या वेळी तो कुलपाच्या भोकातून निसटला, दुसऱ्या वेळी छपरातून. तिसऱ्या वेळी पूर्वकर्म आडवे आले आणि तो जागचा हलला नाही. कण्या व्हाव्यात तशी त्याची हाडे चुरली. मेला समजून मारेकऱ्यांनी त्याला झुडपात टाकले. ध्यानाच्या बळाने त्याने मोडलेले शरीर कसेबसे सांधले, बुद्धांकडे जाऊन निरोप घेतला आणि मग देह ठेवला.

ते पूर्वकर्म कोणते? कुठल्याशा जन्मी तो आंधळ्या आईबापांची सेवा करणारा मुलगा होता. बायको आली, तिला म्हातारी नकोशी झाली. नातलगांकडे नेतो असे सांगून त्याने दोघांना गाडीत बसवले, रानात कासरा बापाच्या हाती दिला, चोर आहेत असे सांगून खाली उतरला आणि आवाज बदलून स्वतःच त्यांच्यावर तुटून पडला. मार खाता खाता ती दोघे ओरडत होती की बाळा, आम्ही म्हातारी झालो, तू आपला जीव वाचव.

हा तपशील जुन्या सुत्तांत नाही, अट्ठकथांत येतो. पण प्रश्न जुनाच असावा, कारण मिलिंद राजाने तो नागसेनापुढे टाकलेला आहे : एवढी ऋद्धी होती तर काठ्या का चुकवता आल्या नाहीत? राजाच्या हुकमापुढे इतर हुकूम चालत नाहीत, तसे पिकलेल्या कर्मापुढे ऋद्धी चालत नाही, अशा आशयाचे नागसेनाचे उत्तर आहे. मिलिंदाचे समाधान झाले. माझे पुरते झालेले नाही. त्या आंधळ्या आईबापांच्या हाकेपुढे कर्माचा हिशेब मला थिटा वाटतो. चीनमधल्या लोकांनाही काही तरी राहून गेल्यासारखे वाटले असावे. तिकडे हाच मोग्गल्लान मुलिएन झाला. प्रेतयोनीत पडलेली आपली आई त्याला दिसते, तो तिला भात देतो आणि तोंडात जाण्यापूर्वीच त्या भाताचे निखारे होतात. तिथेही त्याच्या सिद्धीला यश येत नाही. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला सर्व संघाला दान दिल्यावर आई सुटते. जपानातला पितरांचा ओबोन सण याच कथेवर उभा आहे.

सारिपुत्त कार्तिकी पौर्णिमेला गेला आणि मोग्गल्लान त्यानंतरच्या अमावास्येला. पुढे गंगेच्या काठी उक्काचेल येथे भिक्षुसंघासमोर बसले असताना बुद्धांनी सभेकडे पाहिले आणि ती आपल्याला रिकामी भासते असे सांगितले.

१८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी यांनी सांचीचा तिसऱ्या क्रमांकाचा स्तूप उकरला. आत दोन दगडी पेट्या निघाल्या. झाकणांवर ब्राह्मी लिपीत एकीवर सारिपुत्ताचे नाव, दुसरीवर महामोग्गल्लानाचे. जवळच्या सतधारा येथेही तशीच जोडी मिळाली. अस्थी इंग्लंडला गेल्या, १९४७ साली परत निघाल्या आणि सिंहलद्वीपमार्गे भारतात आल्या. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या विहारात त्यांची स्थापना झाली. दर वर्षी नोव्हेंबरात तिथे यात्रा भरते. सांचीच्या त्या पेट्यांत जे करंडक होते त्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूस कोणी तरी शाईने एकेक अक्षर लिहून ठेवले होते. सारिपुत्ताच्या करंडकात अस्थीबरोबर मोती आणि रत्नांचे मणी होते. म अक्षराच्या करंडकात हाडाचे दोनच बारीक तुकडे होते. त्यांतला मोठा अर्ध्या इंचाहूनही कमी भरला.