स्वहस्ते मोडलेला कौल

चोहोबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेले लेसोथोचे चिमुकले राज्य १९६६ साली स्वतंत्र झाले, तेव्हा त्याचे पंतप्रधान होते लेबुआ जोनाथन. तारुण्यात दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबलेल्या या गृहस्थाने १९५९ मध्ये पक्ष स्थापिला आणि १९६५ च्या निवडणुकीत त्या पक्षाने साठांपैकी ३१ जागा जिंकून सत्ता मिळविली. परंतु १९७० मध्ये मतदार विरोधकांकडे वळल्याचे दिसताच जोनाथन यांनी निवडणूक रद्द केली, राज्यघटना स्थगित केली, विरोधी नेते मोखेहले यांस तुरुंगात टाकले व राजे दुसरे मोश्वेश्वे यांस काही काळ परदेशी धाडले.

आरंभी दक्षिण आफ्रिकेशी सलोखा राखणाऱ्या जोनाथन यांनी पुढे वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध दंड थोपटले, तेथील निर्वासितांस थारा दिला. याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. डिसेंबर १९८२ मध्ये त्या देशाच्या सैन्याने राजधानी मासेरूवर छापा घालून ४२ जणांचे बळी घेतले, तरी ते नमले नाहीत. मात्र जानेवारी १९८६ मध्ये प्रिटोरिया सरकारने सीमांची नाकेबंदी केली आणि त्यांच्याच सैन्याने त्यांस पदच्युत केले. पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

बलाढ्य शेजाऱ्याशी झुंजणाऱ्या छोट्या राष्ट्राच्या नेत्याचे खरे सैन्य म्हणजे जनतेचा कौल, असे आम्हांस वाटते. जोनाथन यांनी तो सोळा वर्षांपूर्वीच स्वहस्ते मोडला होता.