क्लोद मोने : पाण्यावरचा उजेड रंगवणारा चित्रकार

क्लोद मोने यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. १८६९ साली पैशांची चणचण असतानाही ते मित्र रेन्वार यांच्यासोबत सीन नदीकाठी चित्रं काढायचे. पाणी म्हणजे सरसकट निळा रंग, हे त्यांना पटेना. तैलरंग एकजीव न करता ते छोटे छोटे वेगळे फटकारे देत. प्रतिबिंबातल्या झाडाचा हिरवा, शेजारी आभाळाचा निळा, मध्येच पांढरा. जवळून नुसते फटकारे; लांबून बघितलं की पाणी हलतंय असं वाटतं! १८७४ च्या प्रदर्शनात अशा चित्रांची थट्टा झाली. म्हातारपणी मोतीबिंदूमुळे रंग नीट दिसेनात, तरी जिव्हर्नीच्या तळ्यातल्या कुमुदिनी ते रंगवत राहिले. १९२६ साली त्यांचं निधन झालं.

मुलाने पाणी हिरवं-जांभळं रंगवलं, तर लगेच चूक म्हणू नका. आधी त्याला काय दिसलं, ते विचारा.