खोट्याला पुरावा, काठीला कायदा

वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीच्या जमिनीवर मुंबई उच्च न्यायालयाचे नवे संकुल व्हायचे आहे. 5 नोव्हेंबर 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. खेरवाडी-कलानगरच्या बाजूने रोज जाणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी ती जागा पाहिली असेल. याच उच्च न्यायालयात परमपूज्य बाबासाहेबांनी 1923 साली वकिली सुरू केली, आणि याच न्यायालयाने 1937 साली महाडच्या चवदार तळ्याचा अखेरचा निकाल दिला. दरवर्षी 20 मार्चला आपण तळ्याचे पाणी आठवतो. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेली कोर्टकचेरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ती ठाऊक असली पाहिजे, कारण घटनेच्या शिल्पकाराची खरी घडण तिच्यात दिसते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसला आणि पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आला. अस्पृश्य वकिलाच्या हाती मोठे खटले कोण देणार? जे आले ते गरिबांचे आणि समाजाशी भांडणाऱ्यांचे. देशाचे दुश्मन या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर बेअब्रूचा खटला झाला, तेव्हा 1926 साली अपिलात बाबासाहेबांनी त्यांना सोडवून आणले. 1934 साली समाजस्वास्थ्यकार र. धों. कर्वे यांची बाजू त्यांनी मांडली. तो खटला ते हरले. पण लोकांना न रुचणारे बोलणाऱ्यालाही कायद्याचा आधार मिळालाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह हरला नाही.

आता महाडकडे या. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेकौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायदा आपल्या बाजूने होता. परंतु कागदावरचा ठराव तहान भागवीत नाही! म्हणून 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक शांतपणे तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि सारे मंडपात परतले.

एवढ्यात गावात कंडी पिकली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. ते धादांत खोटे होते. तसा बेत कोणाच्या मनातही नव्हता. परंतु खोट्याला पाय नसले तरी त्याच्या हाती काठी लवकर येते. जमाव मंडपात घुसला. जेवायला बसलेल्या लोकांवर, वाटेने घरी निघालेल्या बायाबापड्यांवर लाठ्या पडल्या. कित्येकांनी मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा घेतला. सरकारी बंगल्यात बाबासाहेबांभोवती शेकडा माणसे हुकमाची वाट पाहत होती. त्यांत महायुद्धात लढलेले शिपाईही होते. वाचकहो, त्या घटकेला एक शब्द निघता तर महाडला रक्ताचा सडा पडला असता. तो शब्द निघाला नाही. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शांत राहायला सांगितले आणि प्रकरण पोलिसांत नेले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना सक्तमजुरी झाली.

यापेक्षा अवघड कसोटी त्याच वर्षाच्या अखेरीस आली. सनातन्यांनी पंचगव्याने तळे शुद्ध करून घेतले होते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी 25 डिसेंबरला सत्याग्रह पुकारला. हजारो लोक महाडला निघाले. तोच विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, की तळे सार्वजनिक नाही, आणि 14 डिसेंबर रोजी मनाई हुकूम मिळवला. आता काय करायचे? मंडपातल्या लोकांचा जोर तळ्यावर जाण्याकडे होता. कित्येक जण तुरुंगाच्या तयारीने आले होते. रात्री खल झाला. हुकूम तात्पुरता आहे, खरे-खोटे ठरायचे आहे, आणि आपले भांडण सनातन्यांशी आहे, हे बाबासाहेबांनी लोकांना पटवले. मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही.

त्या लोकांना ते गिळणे सोपे गेले असेल काय? मुळीच नाही. हक्क आपला, आणि कोर्टाचा कागद मात्र अन्याय करणाऱ्याच्या हातात! पण ज्याला उद्या याच कायद्याच्या बळावर सगळ्या देशातले पाणवठे उघडायचे होते, त्याने आज आपल्या सोयीसाठी तो मोडला असता, तर उद्या दुसऱ्याला काय सांगितले असते?

मग सुरू झाली पुराव्यांची लढाई. तळे कोणाच्या मालकीचे? रूढी किती जुनी? कोणती कागदपत्रे, कोणते साक्षीदार? महाडच्या कोर्टाने 1931 साली दावा फेटाळला. विरोधक ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात गेले, 1933 साली तेथेही हरले. शेवटी 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे निकाल लागला. अनादिकालापासून चालत आलेली म्हणून सांगितलेली रूढी सिद्ध झाली नाही, आणि अपील फेटाळले गेले. 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली, पण खोटे शपथेवर टिकले नाही.

महाडचा हा हिशेब घटनेत उतरला आहे. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे मुद्दाम आहेत. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, त्या बत्तिसाव्या कलमाला तर बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा मानले. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बजावले, की घटनेचे मार्ग मोकळे असताना रक्तपाताचे आणि बेबंदशाहीचे मार्ग सोडले पाहिजेत. कोणाही थोर माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. आणि सामाजिक समता नसेल तर ही लोकशाही टिकणार नाही.

त्याच भाषणात त्यांनी भिक्खूसंघाची आठवण दिली. संघात ज्ञप्ती मांडली जाई, गणपूर्ती पाहिली जाई, मतभेद झाला तर शलाका घेऊन मते मोजली जात. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समक्षच निर्णय करायचा, हा विनयाचा नियम. महाडला मंडपावर चालून आलेल्या जमावाने ना आरोप तपासला, ना आरोपीला विचारले. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला दिलेले पंचशील पाहा. प्राणिहिंसेपासून दूर राहणे हे पहिले शील, असत्य वचनापासून दूर राहणे हे चौथे. काठी आणि कंडी, दोन्ही तेथे नाकारल्या आहेत. येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे धर्म तपासून मगच धर्मांतर करणारा पुरुष ऐकीव गोष्टीवर कसा विसंबेल?

बंधुभगिनींनो, आज कंडी गावच्या वेशीवर थांबत नाही. ती तुमच्या खिशातल्या मोबाइलवर घटकेत हजार घरे फिरते. कधी ती आपल्याविरुद्ध असते, तर कधी आपल्याला आवडणारी असते. दुसरी अधिक धोक्याची, कारण ती आपण तपासत नाही. आपल्या विहारात रविवारी वंदना होते, त्यानंतर अर्धा तास घटनेचे एक कलम वाचा. वस्तीत अन्याय झाला तर तारीख, वेळ आणि साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि फिर्याद नोंदवा. कोणी दगड उचलायला सांगितले तर बंगल्यात हुकमाची वाट पाहणाऱ्या त्या माणसांना आठवा. त्यांचे हात बांधलेले नव्हते. त्यांनी ते आवरले होते.

जय भीम!