भरती-ओहोटीतली व्हिव्हियन

‘गॉन विथ द विंड’मधली स्कार्लेट ज्यांनी एकदा पाहिली, त्यांना व्हिव्हियन लीचे ते हिरवट डोळे विसरता येत नाहीत. ही अभिनेत्री जन्माने दार्जिलिंगची, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी ती तेथे जन्मली. सहाव्या वर्षी तिला इंग्लंडमधल्या कॉन्व्हेंट शाळेत ठेवण्यात आले. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगी झाली. मग लॉरेन्स ऑलिव्हिएवर तिचा जीव जडला. दोघांनी आपापले संसार मोडले आणि १९४० मध्ये लग्न केले. त्याच वर्षी स्कार्लेटचे ऑस्कर तिच्या हाती आले होते. सारे जग हेवा करील असे हे जोडपे!

‘सीझर अँड क्लिओपात्रा’च्या चित्रीकरणाच्या दिवसांत, १९४४ मध्ये, तिचा गर्भपात झाला. ती खोल निराशेत गेली आणि एके दिवशी ऑलिव्हिएवरच धावून गेली. पुढे त्याला या वादळाची चाहूल ओळखू येऊ लागली. आधी काही दिवस अफाट उत्साह, मग उदासी आणि अखेरीस स्फोट. वादळ ओसरले की तिला त्यातले काही आठवत नसे. कळले की मात्र ती शरमेने आणि पश्चात्तापाने खचून जाई. बाहेरच्यांना हा नटीचा नखरा वाटणे सोपे होते.

हा नखरा नव्हता. तेव्हा या आजाराला मॅनिक डिप्रेशन म्हणत, आज बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. समुद्राला यावी तशी मनाला भरती-ओहोटी येते, पण तिला वेळापत्रक नसते. भरतीत झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा नसतो. बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्याला काहीच अशक्य नाही असे वाटू लागते. ओहोटीत अंथरुणातून उठणेही डोंगराएवढे होते.

व्हिव्हियनबद्दल मी एवढ्या आस्थेने लिहिते, कारण माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. त्याने रात्री दोन वाजता कपाटे आवरायला घेतली, की घरात आम्ही एकमेकांकडे पाहतो. ही चाहूल ऑलिव्हिएलाही कळत होती. फरक इतकाच, की आमच्या हाताशी औषध आहे.

त्या औषधाची गोष्ट चटका लावणारी आहे. १९४८ साली ओल्ड व्हिक नाटकमंडळी घेऊन ऑलिव्हिए पती-पत्नी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले. मेलबर्नमध्ये त्यांचे प्रयोग झाले. त्याच वर्षी, त्याच मेलबर्नमधल्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात जॉन केड नावाचे डॉक्टर उन्मादाच्या रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन पाहत होते. दहा रुग्णांवर झालेला परिणाम त्यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच महिन्यात व्हिव्हियन लंडनच्या रंगभूमीवर ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधली ब्लांश म्हणून उभी राहिली. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात नेली जाणारी ब्लांश! ती भूमिका तिने ३२६ प्रयोग केली. १९५१च्या चित्रपटाने तिला दुसरे ऑस्करही मिळवून दिले.

केड यांच्या शोधाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी लिथियमचे क्षार बेताल खाल्ल्याने काही जण दगावले होते आणि डॉक्टर धास्तावले होते. अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळायला १९७० उजाडले.

तोवर व्हिव्हियनच्या वाट्याला आले ते त्या काळातले राकट उपचार. १९५३ मध्ये ‘एलिफंट वॉक’चे सिलोनमधले चित्रीकरण आटोपून ती हॉलिवूडला पोहोचली आणि पार कोसळली. तिची भूमिका एलिझाबेथ टेलरला गेली. तिला इंग्लंडला आणून मनोरुग्णालयात ठेवले. विजेचे उपचार झाले. तरीही १९५५ मध्ये ती स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या नाटकांत उभी होती. मला तिचे मोठेपण दोन ऑस्करपेक्षा या पुन्हा उभे राहण्यात दिसते.

आज विजेचे उपचार भूल देऊन करतात आणि भूल न देता ते करायला आपल्याकडे २०१७च्या कायद्याने बंदी आहे. लिथियमखेरीज इतरही औषधे आहेत. लिथियम घेताना रक्तातले त्याचे प्रमाण, मूत्रपिंडे आणि थायरॉइड अधूनमधून तपासावे लागतात. बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. झोपेची वेळ सांभाळायची, मद्य टाळायचे आणि मन शांत असतानाच ठरवून ठेवायचे, की भरती आली तर पैशांचे व्यवहार कोण पाहील, डॉक्टरांना कोण कळवील. आपल्याकडे अजूनही बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे होतात, लग्न लावून दिले की ठीक होईल असे सांगितले जाते. त्यात मोलाची वर्षे जातात.

१९६० मध्ये ऑलिव्हिएशी घटस्फोट झाला. पुढची सात वर्षे जॅक मेरिव्हेल या नटाने तिची साथ केली. तिच्या आजाराची त्याला पूर्ण कल्पना होती आणि सांभाळण्याची जबाबदारी त्याने समजून-उमजून घेतली होती. याच काळात, १९६३ मध्ये, ‘टोव्हारिच’ या संगीतिकेसाठी तिला टोनी पारितोषिक मिळाले. माणूस घरात कसा वागवला जातो, यावर किती अवलंबून असते!

जुलै १९६७ मध्ये, ५३व्या वर्षी, तिला नेले ते जुन्या क्षयाने. त्या रात्री मध्य लंडनच्या नाट्यगृहांनी तासभर दिवे मालवले होते. मनाच्या इतक्या वादळांतून तिने रंगमंचावरचा आपला दिवा मात्र शेवटपर्यंत विझू दिला नव्हता.