डॉ. कमला सोहोनी : अन्नाचा पेशीपर्यंत माग घेणारी शास्त्रज्ञ

फुजैरा : इंधन भरून घेण्यासाठी किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून थांबलेली जहाजे हे येथील रहिवाशांचे नित्याचे दृश्य आहे. आपल्यापैकी अनेकांची उपजीविका तेल, बंदर आणि नौकानयन यांवरच चालते. इंधन जाळून शक्ती मिळवण्याचे काम मानवी शरीरही अहोरात्र करीत असते. मात्र ज्वाला न पेटवता, अवघ्या ३७ अंश सेल्सिअस तापमानात. या क्रियेच्या ज्ञानात मोलाची भर घालणाऱ्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

१९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे विद्यार्थी होते. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी त्याच बंगळूरच्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालकपदी नोबेलविजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. अर्जदार स्त्री असल्याने त्यांनी तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. बंगळूरला जाऊन त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला, तेव्हा प्रवेश मिळाला. पण पहिले वर्ष परीक्षाधीन राहण्याची आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित न होऊ देण्याची अट त्यावर होती. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. तरीही मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी इतके कसोशीचे काम केले की, वर्षभरानंतर रामन यांना आपले मत बदलावे लागले. संस्थेची दारे पुढे अन्य विद्यार्थिनींनाही खुली झाली.

१९३६ मध्ये एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना स्थान मिळाले. त्या काळी जीवरसायनशास्त्रापुढे एक महत्त्वाचा प्रश्न होता. आतड्यात अन्नाचे पचन होते, पिष्टाची साखर बनते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि ती रक्तावाटे पेशींना पोहोचतात. परंतु त्यांतील ऊर्जा पेशी कशी मोकळी करते? आज आपण जाणतो की, अन्नघटकांतून निघालेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जात अखेरीस प्राणवायूपर्यंत पोहोचतात आणि या प्रवासात सुटणारी ऊर्जा एटीपी या रेणूत साठवली जाते. सायटोक्रोम सी हा त्या साखळीतील एक दुवा होय. प्राण्यांच्या पेशींतील त्याचे कार्य केंब्रिजमध्येच अभ्यासले गेले होते. बटाट्यावर प्रयोग करताना, वनस्पतींच्या पेशींतही तो असतो व श्वसनात भाग घेतो, असे कमलाबाईंना आढळले. बटाटा आणि तो खाणारा माणूस हे दोघेही ऊर्जेसाठी एकाच प्रकारच्या यंत्रणेवर अवलंबून आहेत, असा याचा अर्थ. सुमारे चाळीस टंकलिखित पानांच्या छोटेखानी प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली.

परदेशात थांबण्याऐवजी १९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे त्याच संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषविले. मात्र ते मिळण्यास काही वर्षांचा विलंब लागला.

येथे त्यांचे लक्ष पुन्हा गरिबाच्या ताटाकडे वळले. कडधान्ये ही सामान्य माणसाची प्रथिने. पण कच्च्या दाण्यात असे घटक असतात, जे स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात. त्यांच्या प्रयोगशाळेत भारतीय अन्नपदार्थांतील या घटकांचा सविस्तर अभ्यास झाला. भिजवणे व मोड आणणे यांनी हा अडथळा कमी होतो आणि नीट शिजवल्याने बहुतांशी नाहीसा होतो. मटकी भिजवून, मोड आणून उसळ करण्याच्या आपल्या घरच्या रीतीला अशी शास्त्रीय बैठक आहे.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड वा शिंदीच्या झाडाचा हा गोड रस. शिंदी म्हणजे फुजैराच्या वाड्यांतून दिसणाऱ्या खजुराचीच बहीण. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असून कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या प्रकृतीत तिने सुधारणा होते, असे या संशोधनात दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामात त्या आघाडीवर होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या. ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी सातत्याने लेखन केले. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांचे निधन झाले.