डॉक्टर जॉन्सन आणि पुस्तकांचा बाजार

विद्येचा विक्रय करूं नये असा एक जुना समज आमच्या समाजांत रूढ आहे, आणि त्याच्या आड दडून पुष्कळ लोक विद्येची किंमत देण्याचें टाळतात. शेतकऱ्याच्या धान्यास, विणकराच्या लुगड्यास व सोनाराच्या घडणावळीस मोल पडतें हें सर्वांस कबूल आहे. परंतु कोणी दोन वर्षें खपून ग्रंथ लिहिला, तर त्याची एक प्रत आपणांस स्नेहाखातर मिळावी अशी अपेक्षा धरणारांत चांगले संभावित गृहस्थही असतात. अशा वाचकांपुढें आज आम्ही एका पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों. हा पुरुष पुस्तकविक्रेत्याच्या घरीं जन्मला, बहुतेक सारें आयुष्य पुस्तकविक्रेत्यांसाठीं मोबदला घेऊन लिहीत राहिला, आणि तरीही त्याच्याएवढा मान त्याच्या काळच्या इंग्लंडांत क्वचितच दुसऱ्या कोणा ग्रंथकारास मिळाला असेल.

सॅम्युएल जॉन्सन याचा जन्म १७०९ सालीं लिचफील्ड गांवीं झाला. त्याचा बाप मायकेल हा गांवांत पुस्तकांचें दुकान चालवी, आणि आसपासच्या गांवीं बाजाराच्या दिवशीं जाऊन तेथेंही पुस्तकें मांडून बसे. माणूस अब्रूदार व वाचनाचा शोकी. पण धंद्यांत यश नाहीं, आणि शेवटीं कर्जानें गांजलेला. गंडमाळेच्या विकारामुळें मुलाची दृष्टि लहानपणापासून अधू होती. तरी दुकानांतील पुस्तकें हीच त्याची खरी शाळा झाली. एकदां बाप आजारी असतां त्यानें मुलास युटॉक्सिटरच्या बाजारीं आपल्याऐवजीं बसावयास सांगितलें. मुलानें गर्वानें तें नाकारलें. पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं, सर्व देशांत कीर्ति झाल्यावर, हा वृद्ध पंडित मुद्दाम त्या गांवीं गेला आणि जेथें बापाचें दुकान मांडलेलें असे त्या ठिकाणीं भर पावसांत उघड्या डोक्यानें उभा राहिला. बापाच्या धंद्याची लाज वाटली याचें तें प्रायश्चित्त होतें.

१७२८ सालीं तो ऑक्सफर्ड येथें पेम्ब्रोक कॉलेजांत दाखल झाला. परंतु पैशाच्या अभावीं सुमारें तेरा महिन्यांत पदवीवांचून घरीं परतला. तेथें असतां त्याचे फाटके जोडे पाहून कोणीं दयेनें नवा जोड त्याच्या दाराशीं ठेविला, तो त्यानें संतापानें फेकून दिला. दान घेणार नाहीं, कामाचा दाम घेईन, हा त्याचा बाणा येथेंच दिसून आला. त्याचें पहिलें पुस्तक म्हणजे पाद्री लोबो याच्या अॅबिसिनियांतील प्रवासाचें भाषांतर. त्याबद्दल बर्मिंगहॅमच्या एका पुस्तकविक्रेत्यानें त्यास पांच गिनी दिल्या. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. पुढें त्यानें काढलेली शाळाही चालली नाहीं. तेव्हां १७३७ सालीं गॅरिक नांवाच्या आपल्या शिष्यास बरोबर घेऊन तो लंडनास आला. हा गॅरिक पुढें प्रख्यात नट झाला. गुरूस मात्र लेखणीवर पोट भरावें लागलें.

त्या काळीं प्रकाशक आणि विक्रेता हे दोन वेगळे धंदे झाले नव्हते. ज्यास पुस्तकविक्रेता म्हणत, तोच हस्तलिखित विकत घेई, छापवी आणि विकी. ग्रंथकारास एकदांच ठराविक रक्कम मिळे. पुढें नफा झाला अथवा नुकसान आलें, तें विक्रेत्याचें. एडवर्ड केव्ह याच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत जॉन्सन भाषांतरें, चरित्रें व पार्लमेंटांतील वादविवाद लिहून देऊं लागला. ‘लंडन’ हें त्याचें काव्य १७३८ सालीं दहा गिनींस विकलें गेलें. रिचर्ड सॅव्हेज नांवाच्या दरिद्री कवीबरोबर रात्र रात्र रस्त्यांतून हिंडण्याचे दिवसही त्यानें काढले, कारण बिऱ्हाडास देण्यास दोघांजवळही पैसे नसत. तथापि दारिद्र्यानें तो लाचार झाला नाहीं. ऑस्बर्न नांवाचा पुस्तकविक्रेता उर्मटपणें बोलला, तेव्हां जॉन्सननें त्यास चोप दिला, ही गोष्ट पुढें साऱ्या लंडनांत झाली.

१७४६ सालीं लंडनच्या कांहीं पुस्तकविक्रेत्यांनीं एकत्र होऊन इंग्रजी भाषेचा कोश करण्याचा करार जॉन्सनशीं केला. रक्कम पंधराशें गिनी, म्हणजे पंधराशें पंचाहत्तर पौंड, ठरली. ही रक्कम मोठी दिसते. परंतु सहा मदतनिसांचा पगार व इतर खर्च त्यांतूनच करावयाचा होता, आणि तीन वर्षांत संपेल असें वाटलेलें काम सुमारें नऊ वर्षें चाललें. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर बसून या मंडळींनीं सुमारें चाळीस हजार शब्दांचे अर्थ, आणि त्यांच्या आधारार्थ लाखावर उतारे सिद्ध केले. त्याच काळांत घरखर्चासाठीं जॉन्सन ‘रॅम्बलर’ नांवाचें पत्र आठवड्यांतून दोनदां लिही. त्याचे दर अंकास दोन गिनी मिळत. १७५२ सालीं त्याची पत्नी वारली. कोशाचे दोन मोठे भाग १७५५ सालीं प्रसिद्ध झाले. जॉन्सनची कीर्ति सर्वत्र झाली, आणि दुसऱ्याच वर्षीं पांच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायीं त्यास अटक झाली. रिचर्डसन हा कादंबरीकार, जो स्वतः छापखान्याचा मालक होता, त्यानें सहा गिनी पाठवून त्यास सोडविलें.

या कोशाच्या प्रकरणांत आश्रयदात्याची गोष्ट येते, ती आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कोशाचा आराखडा १७४७ सालीं लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावास उद्देशून छापला होता. उमरावाकडून दहा पौंडांपलीकडे कांहीं मिळालें नाहीं, आणि त्याच्या दिवाणखान्याबाहेर जॉन्सनला तिष्ठत बसावें लागलें. कोश बाहेर पडण्याच्या बेतास आला, तेव्हां मात्र लॉर्डसाहेबांनीं वर्तमानपत्रांत त्याची स्तुति केली. फेब्रुवारी १७५५ मध्यें जॉन्सननें त्यांस पत्र लिहून, मदत लागत होती तेव्हां जी मिळाली नाहीं तिची आतां गरज उरली नाहीं, असें सभ्य परंतु झोंबणाऱ्या शब्दांत कळविलें. उमरावाच्या उंबरठ्याहून पुस्तकविक्रेत्याचें दुकान बरें, हा निर्णय त्यानें अनुभवानें केला होता. कोशाचे पैसे आणखी मिळावयास हवे होते हें त्यासही वाटे. पण तो विक्रेत्यांस दोष देत नसे, उलट त्यांच्या उदारपणाची वाखाणणी करी. आमच्या मतें येथें दोष व्यक्तींचा नसून एकरकमी विक्रीच्या पद्धतीचा होता. ग्रंथ वीस वर्षें खपत राहावा आणि कर्त्याचा हिशेब पहिल्या दिवशींच मिटावा, हा व्यवहार कायदेशीर असला तरी न्याय्य नव्हे.

तथापि जॉन्सनचा व्यवहार सर्वत्र निर्दोष होता असें आम्ही म्हणणार नाहीं. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ति काढण्यासाठीं त्यानें १७५६ सालापासून वर्गणीदारांचे पैसे आगाऊ घेतले, ते खर्चून टाकले, वर्गणीदारांची यादीही हरवली, आणि ग्रंथ बाहेर पडला १७६५ सालीं. मध्यंतरीं एका कवीनें त्याची उघड टवाळी केली, ती अगदींच अस्थानीं नव्हती. ज्या दुकानदारानें आगाऊ पैसे घेऊन नऊ वर्षें माल दिला नाहीं, त्याची बाजारांत पत राहील काय? ग्रंथकारास तोच नियम लागू आहे. उलट पक्षीं, काम अंगावर पडलें म्हणजे त्याच्याएवढें जलद लिहिणाराही विरळा. १७५९ सालीं आई वारली, तेव्हां तिचा अंत्यविधि व देणें भागविण्यासाठीं ‘रासेलस’ ही कथा त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळीं लिहून काढली. तिचे शंभर पौंड आणि दुसऱ्या आवृत्तीचे पंचवीस मिळाले. दुसऱ्या आवृत्तीचा वेगळा दाम मिळाला ही त्यांतल्या त्यांत सुधारणा होय. गोल्डस्मिथला घरभाड्यासाठीं घरवालीनें अटकेंत ठेवविलें, तेव्हां त्याच्या कादंबरीचें हस्तलिखित साठ पौंडांस विकून आणणाराही जॉन्सनच होता.

१७६२ सालीं राजाकडून त्यास सालिना तीनशें पौंडांची नेमणूक झाली. कोशांत पेन्शन या शब्दाचा अर्थ त्यानें कुत्सितपणें दिला असल्यामुळें ती घेण्यास तो कचरला. परंतु ती झालेल्या कामाबद्दल आहे, पुढें करावयाच्या खुशामतीबद्दल नाहीं, असें आश्वासन मिळाल्यावर त्यानें ती स्वीकारली.

पुस्तकाच्या मालकीहक्काविषयीं त्याचें मत समतोल होतें. १७१० च्या कायद्यानें हा हक्क चौदा वर्षें, आणि कर्ता हयात असल्यास आणखी चौदा वर्षें ठरविला होता. लंडनचे विक्रेते तो अक्षय आहे असें म्हणत; एडिंबरोचा डोनल्डसन जुने ग्रंथ स्वस्तांत छापून विकी. १७७४ सालीं लॉर्डांच्या सभेनें अक्षय हक्काचा दावा फेटाळला. ज्ञान कोणाच्या कुलुपांत कायमचें राहूं नये हें जॉन्सनला मान्य होतें. मात्र कर्त्याचा हक्क कायद्यांतील मुदतीहून बराच अधिक काळ चालावा असें त्यास वाटे.

आमच्या व्यापारी वाचकांस सर्वांत उपयुक्त वाटेल असा त्याचा हिशेब १७७६ सालचा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे ग्रंथ खपत नसत, कारण विक्रेत्यांस पुरेशी सूट मिळत नसे. जॉन्सननें तेथील एका कॉलेजच्या प्रमुखास पत्रानें सर्व गणित मांडून दाखविलें. गिऱ्हाइकास जो ग्रंथ वीस शिलिंगांस पडतो, तो छापखान्यानें लंडनच्या अडत्यास चौदा शिलिंगांहून किंचित कमी भावानें द्यावा. अडत्या वखारीची जागा व देखरेख यांबद्दल एक शिलिंग ठेवून तो घाऊक व्यापाऱ्यास पंधरांस देईल. घाऊक व्यापारी बुडिताची जोखीम व लांबलेली उधारी सोसून, शेंकडा दहा नफ्यानें, साडेसोळांस गांवोगांवच्या दुकानदारास पाठवील. दुकानदारास राहिले साडेतीन शिलिंग. आणि गिऱ्हाइकानें वर्षभर पैसे थकविले तर ते अडीचांच्या आसपासच उरतात. याहून कमी नफ्यांत त्यानें जगावें कसें? पुस्तकविक्रेत्याचा मुलगाच असा हिशेब लिहूं जाणे. जो वाचक उधारीवर पुस्तक नेऊन वर्ष लोटतो, तो दुकानदाराच्या साडेतीनांतला एक शिलिंग नेतो, हें या आंकड्यांवरून उघड होतें.

१७७७ सालीं लंडनच्या सुमारें चाळीस विक्रेत्यांनीं इंग्रज कवींची काव्यमाला काढण्याचें ठरवून तीस प्रस्तावना लिहिण्याची विनंती जॉन्सनला केली. त्यानें अवघ्या दोनशें गिनी मागितल्या. हजार मागितल्या असत्या तरी मिळाल्या असत्या, असें त्याच्या समकालीनांनीं नमूद केलें आहे. विक्रेत्यांनीं आपण होऊन आणखी शंभराची भर घातली. त्या प्रस्तावना वाढत जाऊन बावन्न कवींचीं चरित्रें झालीं, आणि त्याच्या उत्तम ग्रंथांत त्यांची गणना होते. १७८४ च्या डिसेंबरांत तो वारला. त्यास वेस्टमिन्स्टर अॅबेंत पुरलें. आपल्या मिळकतीचा बहुतेक भाग त्यानें फ्रान्सिस बार्बर या आपल्या नोकरास ठेविला. हा बार्बर जमेका बेटांत गुलामगिरींत जन्मलेला होता. स्वतः कष्टानें मिळविलेल्या पैशाचा याहून चांगला विनियोग आम्हांस सुचत नाहीं.

महाराष्ट्रास हें नांव परकें नाहीं. ‘रासेलस’चें मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलें आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनीं तें पुरें केलें, ‘निबंधमाले’ंतही विष्णुशास्त्र्यांचा जॉन्सनवर निबंध आहे. शास्त्रीबोवांनीं केवळ लेखणी धरली नाहीं. आर्यभूषण छापखाना व किताबखाना यांच्या उभारणीसही हात घातला. लिहिणें आणि पुस्तक वाचकाच्या हातीं पोंचविणें हीं एकाच कार्याचीं दोन अंगें आहेत, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

आमचें सांगणें थोडकें आहे. ग्रंथकारानें करार लेखी करावा, त्यांत पुढील आवृत्त्यांचा वांटा मागावा, आणि दिलेला वायदा पाळावा. प्रकाशकानें हिशेब वेळेवर दाखवावा. दुकानदारास जगण्यापुरती सूट मिळावी. आणि वाचकानें पुस्तक विकत घ्यावें, रोखीनें घ्यावें, व ग्रंथकर्ता आपला स्नेही असेल तर विशेषच घ्यावें. मराठींत चांगले ग्रंथ निघत नाहींत अशी तक्रार ज्या घरांत वारंवार ऐकूं येते, त्या घराच्या वार्षिक खर्चांत पुस्तकांच्या नांवें किती रुपये पडले आहेत, तें घरधन्यानें एकदां आपली वही उघडून पाहावें.